स्वतः जुळवलेला व्हर्च्युअल स्टोरेज क्लस्टर: हार्डवेअर आणि फर्मवेअर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना तयार अप्लायन्स न घेता स्वतः सर्व्हर, कार्ड, डिस्क जुळवून त्यावर अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे व्हीएमवेअरचं व्हीसॅन, प्रॉक्समॉक्सवरचं सेफ किंवा विंडोजचं स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट चालवायचंय, अशांसाठी हे लिहिलंय. असे जोडलेले सर्व्हर म्हणजे क्लस्टर, त्यातला एकेक सर्व्हर म्हणजे नोड. सॉफ्टवेअर कसं इन्स्टॉल करायचं ते इथे नाही, ते शिकवणारे बरेच आहेत. इथे फक्त खरेदीच्या आधी आणि डेटा टाकायच्या आधी काय तपासायचं तेवढंच, कारण नंतर जे रडणं होतं ते बहुतेक वेळा इथेच सुरू झालेलं असतं.

कार्ड स्लॉटमध्ये बसलं, डिस्क दिसायला लागली, म्हणजे कम्पॅटिबल झालंच ना?

नाही. दिसणं ही पहिली पायरी आहे फक्त. क्लस्टरच्या बाबतीत कम्पॅटिबल म्हणजे चार गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: हार्डवेअरचं नेमकं मॉडेल, त्यावरचं फर्मवेअर (कार्ड-डिस्कच्या आतलं स्वतःचं सॉफ्टवेअर), ऑपरेटिंग सिस्टीममधला ड्रायव्हर आणि त्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन. यातली एक जरी बदलली तरी बाकी तिघींची जुनी खात्री कामाची नाही. एकाच कार्डाला एका फर्मवेअरवर महिनोन्‌महिने काही होत नाही आणि दुसऱ्या फर्मवेअरवर लोड वाढला की डिस्क मध्येच रीसेट होतात, असं अगदी नेहमी बघायला मिळतं. आणि साध्या एकट्या सर्व्हरवर जे खपून जातं ते क्लस्टरमध्ये खपत नाही, कारण इथे एका नोडची डिस्क अडकली की बाकीचे नोड तिच्या उत्तराची वाट बघत बसतात आणि सगळ्या व्हीएम (त्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीन) एकदम संथ होतात.

एचसीएलमध्ये, म्हणजे चालणाऱ्या हार्डवेअरच्या कंपनीने दिलेल्या यादीत, माझ्या कार्डाचं नाव आहे, मग बिनधास्त घेऊ का?

नाव बघू नका, आयडी बघा. एकच चिप दहा कंपन्या आपापल्या नावाने विकतात आणि यादीत त्यातली एक-दोनच असतात. प्रत्येक पीसीआय कार्डाला चार आकडे असतात: व्हेंडर आयडी, डिव्हाइस आयडी, सबसिस्टीम व्हेंडर आयडी, सबसिस्टीम आयडी. लिनक्सवर एलएसपीसीआय कमांडला 'एनएन' आणि 'व्ही' हे दोन्ही पर्याय देऊन चालवलं की चारही दिसतात, ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारी सिस्टीम) व्हीएमकेसीएचडेव्ह कमांड 'एल' लावून चालवायची.

उदाहरण घ्या. एलएसआय कंपनीची एसएएस ३००८ चिप (एसएएस म्हणजे सर्व्हरच्या डिस्क जोडायची एक पद्धत) असेल तर पहिली जोडी १०००:००९७ अशी येते. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. पुढची जोडी १००० ने सुरू झाली तर ते मूळ एलएसआयचं, म्हणजे आताच्या ब्रॉडकॉमचं कार्ड, आणि १०२८ ने सुरू झाली तर डेलचं. चिप तीच, पण फर्मवेअर वेगळं, अपडेट मिळायची जागा वेगळी आणि यादीतली ओळही वेगळी. आपली ओळ सापडली की तिथेच थांबू नका, ती ओळ उघडा, आत तुमच्या व्हर्जनसमोर कोणतं फर्मवेअर आणि कोणतं ड्रायव्हर व्हर्जन लिहिलंय ते टिपून घ्या, खरी माहिती तिथेच असते. व्हीएमवेअरची यादी आता ब्रॉडकॉमच्या साइटवर आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केल्यापासून जुन्या लिंक बऱ्याच ठिकाणी तुटल्यात, त्यामुळे कोणीतरी जुना स्क्रीनशॉट पाठवला तर त्यावर विसंबू नका.

सेफला तर अशी यादीच नाही, मग काहीही चालतं का?

काहीही सुरू होतं, काहीही चालत नाही. व्हीसॅन तुम्हाला हेल्थ चेकमध्ये पिवळा-लाल त्रिकोण दाखवतं तरी, सेफ काही बोलत नाही, ते निमूटपणे स्लो होतं. यादी नसली की अभ्यास आपल्यालाच करावा लागतो, एवढाच फरक. आणि माझं मत असं की सेफ वापरणाऱ्यांनीसुद्धा व्हीसॅनच्या यादीवर एक नजर टाकावी, कारण जे कार्ड किंवा एसएसडी तिथल्या टेस्टमधून पास झालंय त्याच्या हार्डवेअरबद्दल निदान काहीतरी खात्री मिळते.

माझ्याकडे चांगलं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडणारं) आहे, त्यातच प्रत्येक डिस्क वेगळी रेड-० करून देऊ का?

देऊ नका, जमत असेल तोवर. या सगळ्या सॉफ्टवेअरना डिस्क थेट हवी असते. मध्ये रेड कार्ड बसलं की स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती नीट वर येत नाही, डिस्क बदलली की आधी कार्डात नवीन रेड-० बनवावं लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कार्डाचा स्वतःचा कॅश मध्ये येतो, सॉफ्टवेअरला वाटतं डेटा डिस्कवर पोचला पण तो असतो कार्डाच्या मेमरीत. बॅटरी धड असेल तर ठीक, नसेल तर लाइट गेली की संपलं. स्टोरेज स्पेसेस डायरेक्टमध्ये तर रेड कंट्रोलर सपोर्टेडच नाहीत, साधा पासथ्रू एचबीए, म्हणजे डिस्क थेट पुढे देणारं कार्ड, लागतो. काही रेड कार्डांत एचबीए मोड किंवा जेबॉड मोड असतो, तो चालू शकतो, पण त्या मोडमध्ये ते कार्ड यादीत आहे का ते वेगळं बघायचं. रेड मोडमध्ये आहे म्हणून पासथ्रूमध्येही आहे असं नसतं.

आयटी मोड म्हणजे काय? फ्लॅश करावंच, म्हणजे कार्डाचं फर्मवेअर बदलावंच, लागतं का?

एलएसआयच्या कार्डांना दोन प्रकारचं फर्मवेअर येतं. आयआर म्हणजे थोडंफार रेड करणारं, आयटी म्हणजे फक्त डिस्क जशी आहे तशी पुढे देणारं. आपल्याला आयटी हवं. कार्ड आधीच आयटीवर असेल तर काही करायची गरज नाही, फक्त व्हर्जन बघा.

आणि व्हर्जन खरंच बघा. जुन्या एसएएस २००८ चिपवर, म्हणजे ९२११-८आय सारख्या कार्डांवर, पी२० मालिकेतली सुरुवातीची फर्मवेअर त्रासदायक होती, २०.००.०७.०० ही नीट चालणारी. दोन्हीला लोक 'पी२०' च म्हणतात, म्हणून विकणारा 'पी२० टाकलंय' म्हणाला की पूर्ण आकडा विचारायचा, शेवटच्या दोन जोड्यांसकट. ९३००-८आय सारख्या एसएएस ३००८ कार्डांवर साटा डिस्क लोडखाली रीसेट व्हायचा प्रॉब्लेम होता, त्यावर १६.००.१२.०० आलं.

फ्लॅश करण्याआधी कार्डावरचा एसएएस ॲड्रेस लिहून ठेवा, स्टिकरवर असतो, कारण जुनं फर्मवेअर पुसताना तो कधीकधी पुसला जातो आणि मग हाताने परत घालावा लागतो. आणि एका सर्व्हरमध्ये दोन कार्डं असतील तर फ्लॅश करताना एक काढून ठेवा, कमांड कोणत्या कार्डाला लागली हा गोंधळच नको.

क्यू डेप्थ, क्यू डेप्थ म्हणतात ते काय एवढं?

कंट्रोलर एका वेळी किती कमांड हातात धरू शकतो तो आकडा. मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला, म्हणजे एएचसीआयला, पोर्टमागे ३२. चांगल्या एसएएस एचबीएला शेकड्यांत. एनव्हीएमईच्या (थेट पीसीआयवर चालणाऱ्या वेगवान एसएसडीच्या) स्पेसिफिकेशनमध्ये तर ६४ हजारांपर्यंत रांगा आणि प्रत्येक रांगेत ६४ हजारांपर्यंत कमांड, अर्थात प्रत्यक्ष डिस्क त्याहून खूपच कमी देतात पण तरी भरपूर.

एरवी हे कळत नाही. कळतं ते रीबिल्डच्या वेळी, एकीकडे व्हीएमचं काम चालू आणि दुसरीकडे मेलेल्या डिस्कचा डेटा परत बांधायचं काम, दोन्ही त्याच रांगेत उभे. व्हीसॅन २०१४ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीला यादीत कमी क्यू डेप्थचे कंट्रोलरही होते, एक तर फक्त २५ वाला होता, आणि काही महिन्यांतच व्हीएमवेअरने ते यादीतून काढले कारण रीबिल्ड सुरू झालं की व्हीएमना श्वास घ्यायला जागा राहत नव्हती. म्हणून कार्ड निवडताना नेहमीच्या दिवसाचा नाही, डिस्क मेल्याच्या दिवसाचा विचार करायचा.

साधी डेस्कटॉपवाली एसएसडी चालेल का? स्पीड तर तेवढाच लिहिलाय बॉक्सवर.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर सांगतो.

बॉक्सवरचा स्पीड असतो मोठ्या फाइलचा, भरपूर कमांड एकदम दिल्यावरचा. क्लस्टरमध्ये होतं उलटं. व्हीएममधला डेटाबेस छोटंसं काहीतरी लिहितो आणि म्हणतो 'पक्कं लिहिलं गेल्याशिवाय मी पुढे जाणार नाही'. स्टोरेज सॉफ्टवेअर तेच डिस्कला म्हणतं. आता ज्या एसएसडीवर पॉवर लॉस प्रोटेक्शन, म्हणजे पीएलपी आहे, तिच्यावर छोटे कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी तिच्या मेमरीतला डेटा फ्लॅशवर उतरवण्याइतकी वीज त्यात साठलेली असते. त्यामुळे ती डिस्क डेटा मेमरीत आला की लगेच 'लिहिलं' असं सांगू शकते आणि ते खरं असतं. डेस्कटॉपच्या एसएसडीवर कपॅसिटर नसतात, तिला प्रत्येक वेळी खरंच फ्लॅशपर्यंत जावं लागतं. एका लिखाणाला दोन मिलिसेकंद लागले तर सेकंदाला ५०० च लिखाणं, मग बॉक्सवर लाखो आयओपीएस (सेकंदाला होणारी लिहिणी-वाचणी) लिहिलेले असोत.

आणि सेफमध्ये तीन कॉपी असतील तर तिन्ही लिहून झाल्याशिवाय व्हीएमला उत्तर जात नाही, म्हणजे तिघींपैकी सगळ्यात हळू डिस्क जी असेल तिचा वेग हाच सगळ्यांचा वेग. दोन नोडवर चांगल्या डिस्क आणि तिसऱ्यावर साध्या, हा काटकसरीचा मार्ग इथेच बुडतो.

स्वतः तपासायचं असेल तर फिओ हे डिस्कचा वेग मोजायचं टूल वापरा: ४ केबीचं रँडम राइट, आयओडेप्थ १, जॉब एकच, सिंक चालू, आणि निदान दहा मिनिटं चालवा, वीस सेकंद नाही. पीएलपीवाली डिस्क सहज दहा हजारांच्या पुढे जाते आणि तिथेच टिकते. साधी डिस्क बऱ्याचदा काही शे ते हजार-दोन हजारात अडकते. आधी फास्ट वाटून मग एकदम पडली तर तिचा एसएलसी कॅश, म्हणजे सुरुवातीचा छोटा वेगवान भाग, भरला असं समजा. ज्या डिस्कवर टेस्ट चालवाल तिच्यावरचा डेटा जाईल, हे लक्षात ठेवून रिकामीच डिस्क घ्या.

घरी शिकण्यापुरता लॅब असेल तर साध्या डिस्कवर करा की, काही हरकत नाही. दुसऱ्या कोणाचा डेटा त्यावर असणार असेल तर नको.

डीडब्ल्यूपीडी किती घ्यावा?

डीडब्ल्यूपीडी म्हणजे वॉरंटीभर रोज पूर्ण डिस्क किती वेळा लिहिता येते तो आकडा. बहुतेकांना १ पुरतो, कॅशसाठी ३ घ्या. १.९२ टीबीची १ डीडब्ल्यूपीडी, पाच वर्षांची डिस्क म्हणजे सुमारे ३५०० टीबी लिहून होतात. २ टीबीच्या साध्या डिस्कवर १२०० टीबीडब्ल्यू (एकूण लिहिता येणारे टीबी) लिहिलेलं असेल तर पाच वर्षांसाठी तो हिशोब दिवसाला साधारण एक-तृतीयांश डिस्क एवढाच येतो. तीन नोड, तीन कॉपी असा क्लस्टर असेल तर कुठल्याही व्हीएमने लिहिलेला प्रत्येक बाइट प्रत्येक नोडवर लिहिला जातो हे त्या हिशोबात धरा, लोक ते विसरतात.

हार्ड डिस्क घ्यायच्या असतील तर?

सीएमआर (ट्रॅक शेजारीशेजारी) घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, सलग लिहिताना ठीक, पण रीबिल्डमध्ये इकडेतिकडे लिहायची वेळ आली की ती इतकी मागे पडते की सॉफ्टवेअर तिला मेलेलीच समजतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेज बॉक्ससाठी) विकल्या जाणाऱ्या 'रेड' (लाल रंगाचं नाव, वरचं रेड कार्डवालं रेड नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि बॉक्सवर तसं लिहिलेलंच नव्हतं, झेडएफएस फाइल सिस्टीमवाल्यांना ते रीसिल्व्हर (तिथला रीबिल्ड) फेल व्हायला लागल्यावर कळलं. त्यानंतर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या. म्हणून मालिकेचं नाव नाही, पूर्ण मॉडेल नंबर डेटाशीटमध्ये शोधायचा.

सेकंडहँड एसएएस डिस्क स्वस्तात मिळतायत पण सिस्टीममध्ये साइज शून्य दाखवते. खराब आहेत का?

बहुधा खराब नाहीत, ५२० बाइट सेक्टरवर फॉरमॅट केलेल्या असतील. मोठ्या स्टोरेज ॲरेमध्ये प्रत्येक सेक्टरला ८ बाइट जादा तपासणीसाठी ठेवतात, त्या डिस्क तिथून निघून बाजारात येतात. एसजी-फॉरमॅट नावाचं टूल आहे, त्यात साइज ५१२ देऊन फॉरमॅट केलं की वापरता येतात, हार्ड डिस्कला यात कित्येक तास जातात आणि मध्ये पॉवर गेली तर परत पहिल्यापासून, पण होतं. हे आयटी मोडच्या एचबीएवरच करा.

सेक्टरवरून आठवलं, ५१२ई आणि ४केएन यातला फरकही बघून घ्या. ५१२ई आतून ४के असते पण बाहेर ५१२ सांगते, ती जवळपास सगळीकडे चालते. ४केएन बाहेरही ४के च सांगते, लिनक्सला चालते, पण तुमच्या हायपरव्हायझरच्या त्या व्हर्जनला आणि क्लस्टरच्या सॉफ्टवेअरला चालते का ते आधी विचारा.

एनव्हीएमई घेतलं की कंट्रोलरची कटकट संपली ना?

एचबीएची संपते, लेनची, म्हणजे प्रोसेसरपर्यंतच्या डेटाच्या वाटांची, सुरू होते. प्रत्येक एनव्हीएमईला चार पीसीआय लेन, दहा डिस्क म्हणजे चाळीस, वर नेटवर्क कार्डाच्या आठ किंवा सोळा. डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये एवढ्या लेनच नसतात. एएमडीच्या बहुतेक एपिक सर्व्हर प्रोसेसरमध्ये एका सॉकेटला १२८ मिळतात, म्हणून अशा कामाला लोक ते घेतात.

एका सोळा लेनच्या स्लॉटमध्ये चार डिस्कचं साधं ॲडाप्टर लावायचं असेल तर बायोसमध्ये बायफर्केशन (स्लॉटच्या लेन वाटून देणं) ४-४-४-४ करता आलं पाहिजे. ते नसेल तर चारपैकी एकच डिस्क दिसते आणि माणूस ॲडाप्टर खराब म्हणून परत पाठवतो. मदरबोर्ड घ्यायच्या आधी मॅन्युअलचं पीडीएफ डाउनलोड करून त्यात बायफर्केशन हा शब्द शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

यू.२ आणि यू.३ या एनव्हीएमई डिस्कच्या कनेक्टरचा घोळही असतो. कनेक्टर दिसायला सारखाच. यू.३ ची डिस्क यू.२ च्या स्लॉटमध्ये चालते, उलटं धरून चालू नका. बॅकप्लेन (सर्व्हरमधला डिस्क जिथे बसतात तो बोर्ड) नेमका कोणता आहे ते सर्व्हरच्या पार्ट नंबरवरून काढा, फोटोवरून नाही. आणि व्हीसॅनचं ईएसए नावाचं नवं आर्किटेक्चर, जे २०२२ मध्ये व्हर्जन ८ सोबत आलं, त्याला फक्त एनव्हीएमईच लागतं, साटा-एसएएस त्यात घेताच येत नाहीत.

फर्मवेअरवर एवढा जोर का? डिस्क मेली तरी कॉपी आहेतच की.

इथे खरी मेख आहे. तीन कॉपी ठेवल्या की आपण धरून चालतो की तीन डिस्क एकदम मरणार नाहीत. घासून मरणाऱ्या डिस्कबद्दल ते बरोबर आहे, फर्मवेअरमधल्या बगबद्दल नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात आणि डिस्क आणि डेटा दोन्ही परत मिळत नाही. आकडा ओळखीचा वाटेल, दोनचा पंधरावा घात आहे तो, म्हणजे तास मोजणारा काउंटर भरून गेला. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. उपाय एचपीडी८ नावाचं फर्मवेअर, पण ते त्या तासाच्या आत टाकायचं. २०२० मध्ये आणखी काही मॉडेलसाठी ४०,००० तासांवाली तशीच सूचना आली. त्याआधी २०१२ मध्ये क्रुशलच्या एम४ एसएसडीचं ५,१८४ तासांवाल्या बगसाठी ०३०९ फर्मवेअर आलं होतं, त्यात डेटा जात नव्हता पण एकदा तो आकडा ओलांडला की डिस्क दर तासाला गायब व्हायची.

आता विचार करा, तुम्ही बारा डिस्क एकाच दिवशी घेतल्या, एकाच दिवशी तीन नोडमध्ये लावल्या, एकाच दिवशी चालू केल्या. सगळ्यांचे तास सारखे. मग त्या एकामागोमाग एक नाही, एकाच तासाला जातात, आणि तीन कॉपी काय नि पाच काय, काही उपयोग नाही. रेप्लिकेशन यातून वाचवत नाही, वेगळ्या ठिकाणचा बॅकअप आणि वेळेवर टाकलेलं फर्मवेअर, एवढंच वाचवतं.

म्हणून मी सांगतो ते असं: कंट्रोलर आणि नेटवर्क कार्डाचं मॉडेल आणि फर्मवेअर सगळ्या नोडवर एकसारखं ठेवा, म्हणजे एका नोडवरचं वागणं दुसऱ्याला लागू होतं आणि प्रॉब्लेम शोधणं सोपं जातं. डिस्क मात्र जमलं तर नोडनुसार वेगवेगळ्या लॉटच्या घ्या, सेफमध्ये तर वेगळ्या कंपनीच्या घेतल्या तरी चालतं, फक्त वेग आणि साइज जवळपास सारखी हवी आणि सगळ्यांना पीएलपी हवं. यावर वेगळं मत असणारे आहेत, त्यांचं म्हणणं सगळं एकसारखं असलं की सपोर्ट सोपा, तेही खोटं नाही. पण डेटाच्या बाजूने बघितलं तर मला डिस्कमधला फरक जास्त मोलाचा वाटतो.

मग सगळ्यात नवीन फर्मवेअर टाकलं की झालं?

तेही नाही. तुमच्या व्हर्जनसमोर यादीत जे लिहिलंय ते टाका. यादी नसेल तर रिलीज नोट्स वाचा: 'डेटा लॉस', 'टाइमआउट', 'रीसेट' यातलं काही दुरुस्त केलेलं असेल तर लवकर टाका, नुसता नवीन फीचर असेल तर थांबा, दुसऱ्यांचे अनुभव येऊ द्या. फर्मवेअर पुढे आणि ड्रायव्हर मागे राहिला तरी त्रास होतो, दोन्ही जोडीने बदलायचे. आणि फक्त डिस्क नि कार्डच नाही, बॅकप्लेनवरच्या एक्सपांडरलाही (थोड्या केबलवर जास्त डिस्क जोडणाऱ्या चिपलाही) फर्मवेअर असतं, नेटवर्क स्विचलाही, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

चालू क्लस्टरमध्ये अपडेट कसं करायचं?

एक नोड, मग थांबायचं, मग दुसरा. सेफमध्ये आधी नोआउट फ्लॅग लावा, नाहीतर डीफॉल्टने दहा मिनिटांनी ते बंद नोडच्या डिस्क बाहेर काढून सगळा डेटा इकडेतिकडे हलवायला घेतं. काम झालं की फ्लॅग काढा, हेल्थ ओके दिसेपर्यंत पुढच्या नोडला हात लावू नका. व्हीसॅनमध्ये मेंटेनन्स मोड, तिथे डीफॉल्ट ६० मिनिटांचा रिपेअर टायमर आहे, आणि रीसिंक पूर्ण शून्यावर आलं की पुढे. पहिला नोड अपडेट करून निदान एक रात्र लोडवर ठेवा. सुरू करायच्या आधी बॅकअप परत रिस्टोअर होतो का तेही बघून घ्या, नुसता घेतलेला बॅकअप मोजू नका.

एनव्हीएमईमध्ये फर्मवेअरचे स्लॉट असतात, सातपर्यंत, नवीन एका स्लॉटमध्ये टाकून पुढच्या रीसेटला चालू करता येतं, डिस्कने परवानगी दिली तर जुनं दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू द्या.

सर्व्हर कंपनीच्या स्टिकरची डिस्क आहे, मूळ डिस्क बनवणाऱ्याचं फर्मवेअर टाकता येईल का?

साधारणपणे नाही. आतली डिस्क तीच असली तरी फर्मवेअर त्या सर्व्हर कंपनीचं वेगळं असतं आणि मूळ कंपनीचं टूल ते नाकारतं. म्हणून अशा सेकंडहँड डिस्क घेताना त्या सर्व्हर कंपनीच्या साइटवर लॉगिन किंवा सपोर्ट काँट्रॅक्टशिवाय फर्मवेअर मिळतं का ते आधी बघा. नसेल मिळत तर डिस्क कितीही स्वस्त असो, तिच्यातला बग तुमच्याकडे कायमचा राहणार.

नेटवर्कसाठी १० गिगाबिट पुरे का?

हार्ड डिस्क किंवा थोड्या साटा एसएसडी असतील तर पुरे. १० गिगाबिट म्हणजे जास्तीत जास्त सेकंदाला सव्वा जीबी, आणि एक साधारण एनव्हीएमई एकटीच याच्या दुपटीहून जास्त वाचते. एनव्हीएमई असेल तर २५ घ्या. सेकंडहँड कार्डं मिळतात, पण स्विचचा खर्च आधी धरा.

जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटची नेटवर्क पाकिटं, चालू केल्या तर सगळीकडे करा आणि तपासा. ९००० एमटीयूला (पाकिटाची कमाल साइज) पिंग ८९७२ साइजचा, फ्रॅगमेंट करू नको हा पर्याय लावून, प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला. साधा पिंग जातो आणि हा अडकतो, म्हणजे मधला एक पोर्ट १५०० वरच राहिलाय. क्लस्टर सुरू होतो, छोटे मेसेज जातात, मोठा डेटा हलायला लागला की लटकतो, फार वेळ खाणारा प्रकार आहे हा.

आरडीएमए (एका सर्व्हरच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा देणं) वापरणार असाल तर त्याचा प्रकार रॉकी की आयवॉर्प ते ठरवूनच कार्ड घ्या. रॉकीला स्विचवर प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल नीट लावावा लागतो, आयवॉर्प टीसीपीवर चालतं म्हणून स्विचकडून एवढं मागत नाही. इंटेलच्या कार्डांत एसएफपी मॉड्यूल (केबलच्या टोकाचं) ओळखीचं नसेल तर ड्रायव्हर पोर्टच उघडत नाही असं होतं, तेव्हा केबलही कार्डाच्या यादीतून बघून घ्या. इंटेल एक्स७१० च्या फर्मवेअरमध्ये स्वतःचा एलएलडीपी (शेजारचं उपकरण ओळखायची पद्धत) एजंट आहे, तो फ्रेम आतच गिळतो, होस्टला शेजारचा स्विच दिसत नसेल तर तो बंद करायचा.

रॅम आणि प्रोसेसर?

रॅम ईसीसी (मेमरीतली चूक दुरुस्त करणारी), यावर चर्चा नको. सेफमध्ये प्रत्येक ओएसडी (एकेका डिस्कसाठी चालणारा सेफचा प्रोग्राम) डीफॉल्टने ४ जीबीचं लक्ष्य धरतो, दहा डिस्क म्हणजे ४० जीबी, व्हीएमसाठी लागणारी रॅम त्याच्या वर, आणि रिकव्हरीच्या वेळी थोडी जादा. बायोसमध्ये पॉवर प्रोफाइल परफॉर्मन्सवर ठेवा, प्रोसेसर झोपी जाऊन उठण्यात जो वेळ जातो तो छोट्या लिखाणात दिसतो.

स्टोरेज व्हीएमच्या आत ठेवून एचबीए पासथ्रू करायचं असेल तर?

इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू (व्हीएमला कार्ड थेट देता येण्याची सोय) बायोसमध्ये चालू हवं, आणि ते कार्ड आयओएमएमयू ग्रुपमध्ये एकटं हवं. एकाच ग्रुपमध्ये नेटवर्क कार्डही असेल तर दोन्ही एकत्रच द्यावी लागतात. हे मदरबोर्डवर अवलंबून असतं, स्लॉट बदलून कधी सुटतं. पूर्ण कार्ड द्या, एकेक डिस्क रॉ मॅपिंगने देऊ नका, आणि हायपरव्हायझर ज्या डिस्कवरून बूट होतो ती त्या कार्डावर नको.

तीन नोड पुरतात का?

चालायला पुरतात. तीन कॉपी आणि तीन नोड असतील तर एक नोड गेल्यावर क्लस्टर चालू राहतो, पण तिसरी कॉपी ठेवायला जागाच नसते, नोड परत येईपर्यंत तसंच उघडं राहायचं. चौथा असला की तो स्वतःहून सावरतो. रिकामी जागाही ठेवा, सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं, ९० ला बॅकफिल (डिस्कवर डेटा परत भरणं) थांबवतं आणि ९५ ला लिहिणंच बंद करतं.

सगळं आलं, जोडलं. डेटा कधी टाकू?

निदान आठवडाभर थांबा. प्रत्येक डिस्क पूर्ण एकदा लिहून-वाचून काढा, मग फिओ लावून ठेवा आणि कर्नलच्या लॉगमध्ये रीसेट, टाइमआउट, अबॉर्ट शोधा. एकही सापडला तर तो शोधल्याशिवाय पुढे नाही, केबल असेल, बॅकप्लेन असेल, फर्मवेअर असेल. मग लोड चालू असताना एक डिस्क खेचून काढा. मग एका नोडची पॉवर केबल काढा, शटडाउन नाही, केबल. व्हीएम किती सेकंद अडकल्या, रीबिल्डला किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

त्याच वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, कोणत्या नोडच्या कोणत्या खणात आहे, फर्मवेअर आणि चालू तास लिहा. खण सोडून बाकी सगळं स्मार्टसीटीएल कमांडने मिळतं. उद्या एखाद्या कंपनीने अमुक मॉडेल, अमुक फर्मवेअर, अमुक तास अशी सूचना काढली तर आपल्याला लागू आहे का ते पाच मिनिटांत कळायला हवं.

जुनं कार्ड आज छान चालतंय, पुढच्या व्हर्जनलाही चालेल ना?

चालेलच असं नाही, आणि अपग्रेडचं बटण दाबायच्या आधी हे बघायचं असतं. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ईएसएक्सआय ७ ने व्हीएमकेलिनक्स नावाचे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर पूर्ण काढले, ज्या कार्डांना नवीन नेटिव्ह ड्रायव्हर नव्हता ती अपग्रेडनंतर दिसेनाशी झाली. २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये ड्रायव्हर तोच राहिला, पण त्यातून एसएएस २००८ सारख्या काही जुन्या कार्डांच्या आयडी काढल्या गेल्या, म्हणजे ड्रायव्हर आहे, कार्ड आहे, पण दोघांची ओळखच नाही. तेव्हा वर लिहून ठेवलेले ते चार आकडे काढा, नवीन व्हर्जनच्या यादीत परत शोधा, आणि नवीन इन्स्टॉलर यूएसबीवर टाकून एका रिकाम्या केलेल्या नोडवर फक्त बूट करून सगळ्या डिस्क दिसतात का ते बघा, इन्स्टॉल न करता. दिसल्या तर पुढचं ठरवा, नाही दिसल्या तर आधी कार्ड बदलायचं, मग व्हर्जन.